दऱ्या, दर्या आणि छापखाना

मराठी पुस्तक परीक्षणाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: मुखपृष्ठ समर्पक, छपाई सुबक, किंमत रास्त. आशयाला चार परिच्छेद, शैलीला एक, आणि प्रत्यक्ष हातात धरलेल्या वस्तूला ही एवढी ओळ. आतले चित्र रेषेचे होते की छटांचे, ते कोणत्या कागदावर उतरले, अक्षर कुठल्या वळणाचे होते, पुस्तक ऑफसेटवर निघाले की डिजिटल यंत्रावर, आणि या प्रत्येक निवडीने वाचनाचे काय केले, यातले काहीच ती ओळ सांगत नाही. हे सारे आपण ‘निर्मितिमूल्ये’ नावाच्या कप्प्यात टाकतो आणि कप्पा बंद करतो.

माझे म्हणणे असे की हे प्रश्न अर्थाचे आहेत. चित्र किंवा हस्तलिखित छापील पानावर येते तेव्हा त्याचा एक अनुवाद होत असतो. अनुवादाची समीक्षा करताना आपण विचारतो की काय सुटले, काय वाढले, आणि ते कोणी ठरवले. छापील पानालाही हेच विचारायला हवे. मी हिंदी आणि मराठी यांच्यामध्ये काम करते, तेही रायपुरात. इथला मराठी मजकूर हिंदीसाठी सज्ज असलेल्या छापखान्यातून बाहेर पडतो, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण मराठीत या निवडी पूर्वी कोण आणि कशा करत असे, ते आधी पाहायला हवे.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. त्या पद्धतीत लेखकूचे अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरत असे. वेलांटीचा झोक, जोडाक्षराची उभी रचना, समासातली टीप, सगळे पोथीसारखे राहू शके. खिळ्यांच्या छपाईत तसे चालत नव्हते. देवनागरीला ओळीच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार लागतात, खाली उकार लागतात. शिशाच्या चौकोनी तुकड्यांतून हे जुळवायचे तर प्रत्येक जोडणीसाठी वेगळा खिळा तरी पाडायचा, नाहीतर अक्षराची रचनाच बदलायची. टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ काढला. त्यांच्या खिळ्यांनी या अडचणीचे जे उत्तर दिले, ते पुढे कित्येक पिढ्या मराठी आणि संस्कृत वाचकाच्या डोळ्यांचे वळण होऊन राहिले. आज आपल्याला ‘साधे, नेहमीचे’ वाटणारे अक्षर हा कुणीतरी घेतलेला निर्णय आहे.

चित्राच्या बाबतीत हा निर्णय अधिक उघड दिसतो. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथे तैलचित्राचे शिळाछापात रूपांतर करताना प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे. सरस्वतीच्या गालावरची छटा किती दगडांत वाटायची, कुठला ठिपका कुठे द्यायचा, हे दगडावर काम करणारा कारागीर हाताने ठरवत असे. घराघरांत लागलेली ती लक्ष्मी-सरस्वती म्हणजे रविवर्म्यांचे मूळ चित्र नव्हे, त्या चित्राचा अनेक हातांनी केलेला अनुवाद होता. लोकांनी पूजा केली ती अनुवादाची. कलासमीक्षेने या प्रतिमांच्या सपाटपणाबद्दल पुष्कळ लिहिले आहे, पण त्या सपाटपणात चित्रकाराचा वाटा किती आणि दगडाचा किती, हा हिशेब फार थोड्यांनी मांडला.

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या मराठी मासिकांत आणि दिवाळी अंकांत चित्रकार छपाईची पद्धत डोळ्यांसमोर ठेवूनच चित्र काढत. लाइन ब्लॉकमध्ये जस्ताच्या पत्र्यावर फक्त काळे आणि पांढरे उतरते, मधली राखाडी छटा नसते. ती हवी असेल तर चित्रकाराने ती समांतर रेघांतून किंवा टिंबांतून तयार करायची. छटांसाठी हाफटोन ब्लॉक होता, पण त्याची बारीक जाळी खरखरीत कागदावर बुजून जाई. म्हणून अशी चित्रे पुष्कळदा गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळी छापून अंकात घातली जात. ‘दीपावली’चे दीनानाथ दलाल पाहावेत. त्यांच्या रेषाचित्रांत रेषेची जाडी आणि काळ्याचा भरीव तुकडा यांचा तोल असा असतो, की ब्लॉकमध्ये हरवण्यासारखे त्यात फारसे काही नसते. रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवरची फवाऱ्याची मऊ छटा पूर्णपणे रंगीत छपाईच्या भरवशावर उभी आहे, आणि छपाई साधली नाही की पहिली तीच कोसळते. वसंत सरवट्यांची रेषा तर ब्लॉकचीच भाषा बोलते. तिला काळ्याखेरीज काही लागत नाही. या तिघांची तुलना करताना विषय, शैली, अभिरुची यांची चर्चा होते. छपाईच्या मर्यादेशी प्रत्येकाने काय करार केला होता, हाही त्या तुलनेचा भाग व्हायला हवा.

मजकुराच्या बाजूने हाच करार सर्वांत स्पष्ट दिसतो तो साठच्या दशकात. एका बाजूला गिरगावातल्या खटाववाडीतला मौज प्रिंटिंग ब्यूरो होता. त्याच घरातून ‘सत्यकथा’ निघे. श्री. पु. आणि विष्णुपंत भागवत यांच्या काळात नितळ मुद्रितशोधन आणि नेमके समास ही मौजेची ओळख झाली होती. दुसऱ्या बाजूला लघुनियतकालिके होती. त्यांतले ‘शब्द’ पन्नासच्या दशकातच चक्रमुद्रित स्वरूपात निघाले होते. चक्रमुद्रणाला छापखाना लागत नाही. स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हँडल फिरवायचे. अक्षर फिके येते, कडा फुटतात, मागच्या पानाची शाई पुढे दिसते, पण कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला, तेव्हा वाद संपादकीय धोरणाचा आणि अभिरुचीचा होता हे खरे. पण ती अभिरुची वाचकाला दिसत होती ती त्या नितळ पानांतूनच. फुटक्या कडांचे अक्षर हेही त्या वादातले एक विधान होते.

फक्त गरिबीमुळे असे झाले म्हणून हे सोडून देता येत नाही. अशोक शहाणे आणि अरुण कोलटकर ही ‘शब्द’मधलीच माणसे. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. शहाण्यांच्या ‘प्रास’ने १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढला. ज्या हातांनी चक्रमुद्रित पाने काढली त्यांनाच पुस्तकाचा आकार, मोकळी जागा आणि ओळीची लांबी यांचे बारीक भान होते. पद्धत बदलली ती कवितेला काय हवे हे पाहून.

आज पद्धती पूर्वीपेक्षा जास्त आहेत, पण निवडणारे कोणी दिसत नाही. कवितासंग्रहाच्या दोनतीनशे प्रती काढायच्या तर डिजिटल छपाई परवडते, कारण तिथे प्लेटचा खर्च नसतो आणि पहिल्या प्रतीला जो दर तोच शेवटच्या प्रतीला. हजाराच्या घरात गेले की ऑफसेट स्वस्त पडते. प्लेटचा खर्च एकदाच होतो आणि पुढे तो प्रतींत वाटला जातो. हा हिशेब प्रत्येक प्रकाशक करतो. अक्षराचा हिशेब मात्र राहून जातो. ऑफसेटची शाई नॅचरल शेडच्या मॅपलिथो कागदात थोडी मुरते आणि पसरते, त्यामुळे लहान आकारात ‘क्ष’, ‘ष’, ‘ट्ठ’ यांच्या पोटातली जागा भरत जाते. डिजिटलचा टोनर कागदाच्या पृष्ठभागावरच बसतो. मजकूर एकच असला तरी पानाचा काळेपणा वेगळा, आणि वाचण्याचा वेगही.

याहून मोठे नुकसान होते ते छपाईपूर्वीच्या तयारीत. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असावा लागतो. पडद्यासाठी बनवलेली फाइल तशीच चार रंगांत नेली, तर तो काळा चार शायांचा बनतो. मग प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक रफाराला आणि अनुस्वाराला निळी-तांबडी किनार येते. रोमन अक्षरापेक्षा देवनागरीला हे जास्त नडते, कारण आपल्याकडे सर्वांत बारीक खुणांवरच अर्थाचा भार असतो. जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांत पाने राखाडी छायाचित्रासारखी स्कॅन होतात आणि छापताना त्यांच्यावर ठिपक्यांची जाळी चढते. खिळ्याची धारदार कड आणि चित्रातली अखंड रेघ, दोन्ही भुरभुरीत होतात. सरगुज्याच्या गोदना चित्रांतली रेषा असो की सरवट्यांची, ती शुद्ध काळ्या-पांढऱ्यात आणि भरपूर रिझोल्यूशनने घेतली तरच रेषा राहते. बस्तरच्या ढोकरा मूर्तीचा फोटो मुखपृष्ठावर घ्यावा, तर पडद्यावर पिवळसर झळकणारे पितळ मॅट लॅमिनेशनखाली चिखली तपकिरी होते. हे टाळता येते, पण त्यासाठी कुणीतरी मशीन सुरू होण्यापूर्वी छापील नमुना मागून तो मूळ चित्राशेजारी ठेवून पाहावा लागतो.

आणि आता रायपूर. इथल्या छापखान्यांचे हिंदी काम उत्तम असते, त्याबद्दल तक्रार नाही. मराठीचा प्रश्न वेगळा आहे. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा, हे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून नोंदवले. चांगल्या युनिकोड फाँटमध्ये ही वळणे हिंदी वळणांच्या शेजारीच दिलेली असतात, पण ती जागी होतात मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली तरच. तसे न केल्यास हिंदी वळण येते. वाचन अडत नाही, पण प्रत्येक ओळीत आपण दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखे वाटते.

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांच्या बाबतीत मात्र वाचनच अडते. हे अर्धे ‘र’ हिंदीत लागत नाही. संगणकात ते पुष्कळदा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिघांनी मिळून लिहिलेले असते. मजकूर हिंदीसाठी घडवलेल्या जुन्या फाँटमध्ये रूपांतरित करताना ते अदृश्य चिन्ह गळाले की ‘र’चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. मग ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, आणि डोंगरातला माणूस समुद्रात पडतो. ‘आचाऱ्यांना’ बोलावले म्हणून लिहावे, तर लग्नघरी ‘आचार्यांना’ आमंत्रण जाते. मुद्रितशोधक हिंदीभाषक असेल तर त्याला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. ‘दर्या’ कोशात आहे, ‘आचार्य’ही आहे, त्यामुळे संगणकही हटकत नाही. अनुवादकाने आठवडा घालवून शोधलेला शब्द एका क्षणात दुसराच शब्द बनतो, आणि परीक्षणात लिहिले जाते: छपाई सुबक.

या दोन भाषांच्या अक्षरांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, म्हणून ही बेफिकिरी जास्त खटकते. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची आज हिंदीत प्रमाण असलेली वळणे मुंबईच्या खिळ्यांची आहेत, हिंदीची जुनी वळणे वेगळी होती. याच प्रदेशात जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. घरची भाषा मराठी असलेले सप्रे, त्यांचे सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे, अशा तिघांनी ते चालवले. अंकाची छपाई आधी रायपुरात आणि पुढे नागपुरात झाली. तीन वर्षांत ते बंद पडले. पण पुस्तकांची गंभीर समालोचना करणारे मासिक म्हणून हिंदीत त्याची आठवण आहे. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ सप्र्यांनीच हिंदीत नेले. मराठी आणि हिंदी यांच्यातली ये-जा आमच्या गावाला नवी नाही. त्या काळी छापखाना बदलणे हा मासिकाच्या जगण्या-मरण्याचा निर्णय असे, आणि तो संपादकच घेई.

द्विभाषिक आवृत्त्यांत तर या ये-जाला एक सुंदर संधी आहे. डाव्या पानावर हिंदी मूळ, उजवीकडे मराठी अनुवाद. एकाच लिपीतून, एकाच फाँटमधून, डावीकडे हिंदीचा ‘ल’ आणि उजवीकडे मराठीचा. अनुवाद म्हणजे काय हे वाचकाला एक शब्द न वाचता कळावे, इतके ते पान बोलके होऊ शकते. बहुतेक वेळा दोन्ही पाने एकाच वळणात छापली जातात आणि तो फरक पुसला जातो.

समीक्षकाने यंत्रे शिकावीत असे मी म्हणत नाही. त्याने एवढेच करावे: रेषा तुटली असेल तर चित्रकाराला दोष देण्यापूर्वी ती स्कॅनमध्ये तुटली का ते पाहावे. शब्द विचित्र वाटला तर अनुवादकाला झोडपण्यापूर्वी त्याच्या डोक्यावरचा रफार तपासावा. मुखपृष्ठ मळकट असेल तर तसे लिहावे, आणि नेटके असेल तर त्यासाठी कोणी काय टाळले तेही लिहावे. प्रकाशकानेही श्रेयपानावर मुखपृष्ठकाराच्या नावाखाली फाँट, कागद, छपाईची पद्धत आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचे नाव द्यावे. त्याला चार ओळी पुरतील. मग परीक्षणाच्या शेवटच्या ओळीलाही काही सांगण्यासारखे उरेल.