‘पाणी’ : व्युत्पत्ती आणि व्यवहार

शब्दाचे कुळ शोधताना आमचे व्युत्पत्तिकार हजारो वर्षे मागे जातात. परंतु तो शब्द ज्यांच्या ओठांशीच अडवला गेला, त्यांच्यापर्यंत येत नाहीत. ‘पाणी’ हाच शब्द घ्या.

राल्फ टर्नर यांच्या १९६६ साली पूर्ण झालेल्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात मराठी ‘पाणी’ आणि हिंदी ‘पानी’ संस्कृत ‘पानीय’ या एकाच शब्दाखाली येतात. मागे ‘पा’, म्हणजे पिणे, हा धातू. संस्कृत ‘पिबति’ आणि लॅटिन ‘बिबित’ ही त्याचीच भावंडे. अशा तुलनेतून आद्य इंडो-युरोपीय मूळ पुनर्रचित होते; जुन्या ग्रंथांत ते ‘*पो’ असे दिसते. तारका अशासाठी, की हे रूप कुठे लिहिलेले सापडत नाही. ते अनुमान आहे.

हे शास्त्र नाकारण्याचे कारण नाही. ध्वनिनियम जात विचारीत नाहीत. आणि याच शास्त्रात एक स्फोटक गोष्ट दडली आहे. संस्कृत ‘उदक’, इंग्रजी ‘वॉटर’, रशियन ‘वोदा’ एका मुळाचे. ते त्या द्रव्याचे नाव. मराठीत ‘उदक’ मुख्यतः विधीत उरले. लोकांच्या तोंडी रुजले ते ‘पानीय’. पूजनीय, वंदनीय, तसे पानीय : पिण्यास योग्य ते. कोणी प्यावे, याची अट या प्रत्ययात नाही. ती घातली जातिव्यवस्थेने. शिरूर तालुक्यातले वडगाव रासाई घ्या, की भीमाकाठचे दुसरे कोणतेही गाव; शब्द सर्वांचा एकच. जुन्या गावगाड्यात पाणवठे मात्र वेगळे.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला. तरीही महाडचे चवदार तळे अस्पृश्यांना बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सत्याग्रही ते पाणी प्याले. उत्तर काय मिळाले? सत्याग्रहींवर हल्ले, आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’! तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडले.

‘पानीय’ या रूपात पिणारा कोण, ते सांगितलेले नसते. ती रिकामी जागा महाडने भरली : प्रत्येक माणूस.

कोशातील नोंदीत लॅटिन जरूर असावे. पण त्याशेजारी महाडही हवे. शब्दाचा उगम सांगायचा आणि त्यासाठी झालेला संघर्ष वगळायचा, ही विद्वत्ता अर्धीच आहे.