निवड आणि निवडणारा : विज्ञानभाषेच्या वाचनाचा प्रश्न

सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिज येथील रीड व्याख्यानात ‘दोन संस्कृतीं’मधील दुराव्याचे जे निदान केले, ते प्रामुख्याने परस्परांविषयीच्या अज्ञानाचे होते. निदान अज्ञानाचे असले की उपायही माहितीच्या देवाणघेवाणीपुरताच उरतो. एफ. आर. लीव्हिस यांनी १९६२ च्या रिचमंड व्याख्यानात स्नो यांचा कठोर प्रतिवाद केला. विज्ञानाच्या उभारणीपूर्वी मानवी जगाची, भाषेसह, सामूहिक निर्मिती झालेली असते, हा त्यांचा मूलगामी मुद्दा मात्र व्यक्तिगत उपहासात झाकोळला. तो वैज्ञानिक ग्रंथाच्या प्रत्यक्ष वाचनात कसोटीला लावून पाहणे आवश्यक आहे.

चार्ल्स डार्विन यांच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) मधील ‘नॅचरल सिलेक्शन’ ही संज्ञा या दृष्टीने उद्बोधक ठरते. पशुपालक इष्ट गुणांचे प्राणी प्रजननासाठी राखतात, त्या कृतीवरून हे रूपक घडले. त्याबरोबर एक अनिष्ट अर्थही आला : निवड आहे, तर निवडणाराही असला पाहिजे. १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत डार्विन यांना या आक्षेपाचे उत्तर द्यावे लागले. १८६६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी त्याऐवजी हर्बर्ट स्पेन्सर यांची ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ ही संज्ञा सुचविली. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विन यांनी ती जोडीला घेतली. पहिली मात्र सोडली नाही, कारण मानवी निवड आणि निसर्गप्रक्रिया यांना सांधणारा दुवा तिच्यातच होता. जीवशास्त्रातील हा वाद त्याच वेळी शब्दार्थाचाही वाद होता. गिलियन बीअर यांनी ‘डार्विन्स प्लॉट्स’ (१९८३) मध्ये डार्विन यांची भाषा साहित्यसमीक्षेच्या साधनांनी वाचली, ती याच जाणिवेतून.

मराठीतील ‘नैसर्गिक निवड’ या पर्यायाने प्रश्न पुन्हा उभा राहतो. उमेदवाराच्या निवडीत हेतुपूर्वक पसंती असते. धान्य निवडताना भर खडे वगळण्यावर असतो. दुसरा अर्थ जीवसृष्टीतील गळतीला अधिक जवळचा आहे, तरी निवडणारा हात तेथेही उरतोच. ‘चाळण’ म्हटल्यास हेतू मागे सरतो. पण चाळणीची छिद्रे ठरलेली असतात, परिसर मात्र बदलत राहतो. प्रत्येक रूपक सिद्धान्ताचा एक अंश उजळते आणि दुसरा झाकते. हे ओळखणे विज्ञानाच्या आकलनाचाच भाग होय.

अर्थात, रूपकाची चिकित्सा म्हणजे सिद्धान्ताचा निर्णय नव्हे. तो निरीक्षणाने आणि प्रयोगानेच होतो. १९९६ साली भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांचा विडंबनात्मक लेख ‘सोशल टेक्स्ट’ने गंभीर लेख म्हणून छापला. वैज्ञानिक संज्ञा त्यांच्या प्रमाणव्यवस्थेपासून तोडल्या की समीक्षा किती असहाय होते, हे त्या प्रसंगाने दाखविले. शब्द कोठपर्यंत नेतो हे समीक्षकाने तपासावे आणि तो जेथे थांबतो तेथे पुराव्याचा अधिकार मान्य करावा. या दुहेरी बंधनाविना आंतरविद्याशाखीय अभ्यास हे केवळ अभ्यासक्रमाचे शीर्षक राहील.