सर्वाधिक मते म्हणजे बहुमत?

बल्लारपुरात निवडणुकीवर बोलायचे म्हणजे प्रत्येकाच्या खिशात आपापला निकाल तयारच असतो! कोणता पक्ष बरा, ते आम्ही सांगणार नाही. आज एकच शब्द तपासायचा आहे: ‘बहुमत’.

आपल्या चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात २०१९ साली बाळू धानोरकर ४४,७६३ मतांनी जिंकले. दुसरे हंसराज अहीर. तिसऱ्या क्रमांकावरच्या वंचित बहुजन आघाडीला लाखाहून जास्त मते पडली. विजेत्याचा वाटा सुमारे ४५ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. टपरीवर लगेच ऐकू येते, ‘वंचितने मते खाल्ली.’ कुणाची हो? त्या लाखभर मतदारांना दुसरी पसंती कुणी विचारलीच नाही. विचारली असती, तर धानोरकर निम्म्यापुढे गेलेही असते, कुणास ठाऊक! निकालाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

बरं, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. आपला जिल्हा विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघात येतो. तिथे मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. तळाचा उमेदवार बाद झाला, की त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणजे डिग्रीवाल्याला दुसरी पसंती आणि पेपर मिलमधल्या अशिक्षित मजुराला फक्त एक बटण! पद्धत किचकट आहे, मोजणी लांबते, हे आक्षेप खरे आहेत. पण पदवीधरांचीही मते बाद होतातच की.

मात्र इथे आम्हाला स्वतःलाच थांबवावे लागते. २०२४ साली शेजारच्या गडचिरोली-चिमूरमध्ये १९ एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले. ब्रह्मपुरी आणि चिमूरमध्ये वेळ सकाळी ७ ते सायंकाळी ६; अहेरी, आरमोरी, गडचिरोली आणि आमगावमध्ये दुपारी ३ पर्यंतच. कारण सुरक्षेचे, ते खोटे नाही. पण खासदार एकच आणि मतदाराला कुठे ११ तास, कुठे ८. त्यातून एप्रिल म्हणजे मोहफुलांचा हंगाम. पहाटे मोह वेचायला गेलेली बाई घरी येणार, चूल पेटवणार, मग केंद्राची वाट धरणार. तीनच्या आत रांगेत लागली तर मत. नाहीतर ती कोणत्याच मोजणीत नाही. तरीही तिथे ७१ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. आपण टाळ्या वाजवल्या आणि मोकळे झालो.

पसंतीक्रम हवा, हे आमचे मत कायम आहे. पण आधी दार सगळ्यांना सारखे उघडे हवे. जी बाई पोचलीच नाही, तिची दुसरी पसंती काय विचारणार? तिची पहिलीच राहून गेली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.