कादंबरी आणि चित्रपट यांमधील रेषा

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या चित्रपटाची समीक्षा बहुधा बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीशी तुलना करून थांबते. त्यामुळे मधला टप्पा निसटतो. शांतिनिकेतनच्या कलाभवनात राय नंदलाल बोस व बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकले. १९४२ मध्ये अभ्यासक्रम अपूर्ण राहिला. मोजक्या रेषांत वस्तूचा प्राण पकडण्याची शिस्त मात्र टिकली. पुढे सिग्नेट प्रेसच्या संक्षिप्त बालआवृत्तीसाठी चित्रे काढताना अपू व दुर्गा त्यांच्या हातून प्रथम रेषेत साकार झाली. चित्रीकरणापूर्वीही त्यांनी प्रसंग शाईने रेखाटून पाहिले. संवादाआधी देहाच्या ठेवणीतून पात्राचा स्वभाव शोधणारी ही रेखाटने केवळ पूर्वतयारी ठरत नाहीत. ते कादंबरीचे एक स्वतंत्र वाचनच होय.