एका चिमणीचे टिपण

सालिम अली यांचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील भटकंतीविषयी आणि सुगरण पक्ष्याच्या अभ्यासाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस मात्र त्यातील एका लहानशा टिपणाविषयीच लिहावयाचे आहे. लेखकाने ते १९०६-०७ च्या सुमारास, वयाच्या दहाव्या वर्षी लिहिले; आणि सबंध ग्रंथात त्याच्या तोडीचे गद्य दुसरे नाही, असे आमचे मत आहे.

मुंबईस खेतवाडीत मामांच्या आश्रयाने वाढणारा हा पोरका मुलगा. तबेल्यात चिमणीचे घरटे; मादी आत अंड्यांवर, नर बाहेर एका खिळ्यावर पहाऱ्यास. मुलगा घोडागाडीआड दबा धरून नर टिपतो. थोड्याच वेळात मादीस दुसरा जोडीदार मिळतो, आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसतो. तोही पडतो. सात दिवसांत असे आठ नर! टिपण एवढेच. पुढे लेखकाने स्वतःच सांगितले आहे की, हे सारे आपल्या शिकारीच्या पराक्रमाची नोंद म्हणून लिहिले होते. पण पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासामुळे त्यास निराळेच मोल आले.

हे क्रूर आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, बंदुकीची तरफदारी आम्ही करणार नाही. परंतु क्रौर्य कृतीत आहे, गद्यात नाही. एखाद्या कसलेल्या लेखकास तेथे विधवा दिसली असती. ह्या मुलास खिळा दिसला. नर येतो तो त्या खिळ्यावरच, ही गोष्ट त्याने ध्यानात ठेवली, आणि म्हणून आपणांस कळते की घरट्याजोगी जागा हीच येथे मोलाची वस्तू असून तिच्यासाठी जोडी न जमलेले नर टपून बसलेले असतात. त्याने कळवळून लिहिले असते तर कळवळा उरला असता, खिळा हरवला असता.

ग्रंथाच्या नावातील चिमणी ही नव्हे. ती पिवळ्या कंठाची. १९०८ साली त्याच मुलाने मारलेली, आणि त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांपर्यंत नेणारी. नाव मात्र 'हॅम्लेट' नाटकातील शब्दांचे. तेथे चिमणीच्या पडण्यामागेही ईश्वरी योजना पाहिलेली आहे. वृद्ध लेखकाने शेक्सपिअर मुखपृष्ठावर ठेवला आणि मुलाच्या टिपणास हात लावला नाही. हा संयम आम्हांस साधला नाही, म्हणून तर हा लेख.

आमची दहा वर्षांची पुतणी गेल्या उन्हाळ्यापासून परसात मातीच्या परळात बाजरी ठेवते आणि खिडकीशी बसून वही लिहिते. आरंभीच्या एका पानावर असे होते: 'होला आला. चिमण्या उडाल्या नाहीत. साळुंकी आली. सगळ्या उडाल्या. एका नराने स्वतः न खाता दुसऱ्याला तीनदा हाकलले. मादी खात राहिली.' आम्ही पडलो प्राध्यापक; दुसऱ्याचे लिखाण दिसले की हात पेन्सिलीकडे जातो. समासात शेरा दिला: 'भावना हवी. चिमणीला काय वाटले असेल?' पोर आज्ञाधारक! दुसऱ्या दिवसापासून वहीत 'इवलीशी', 'बिचारी', 'गोजिरवाणी' अशा चिमण्या नांदू लागल्या, आणि कोण कोणास हाकलतो ही नोंद बंद पडली.

दोष एकट्या आमचा नव्हे, असे म्हणून आम्ही मनाचे समाधान करून घेतो. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे, हे ऐकतच आपण सारे वाढलो. गोष्ट गोड आहे; पण चिमणी भिंतीच्या भोकात काय काय कोंबते हे पाहण्याची गरज तिने कोणास वाटू दिली नाही. आपल्या बालवाङ्मयातील बहुतेक पक्षी आजही असेच न पाहता लिहिलेले असतात.

परवा ते टिपण आम्ही पुतणीस मराठीत सांगितले. ती हळहळेल अशी आमची अपेक्षा होती. तिने एवढेच विचारले, "काका, मग अंड्यांचे काय झाले?"

टिपणात ते नाही. वही तिने पुन्हा उघडली आहे. समासातील शेरे आम्हीच खोडून दिले.