बसल्या जागेचा ऑक्सिजन

'बोटाचं यंत्र ९५ दाखवतंय, म्हणजे फुफ्फुसं ठीक आहेत.' २०२० नंतर हे वाक्य आपल्या घराघरांत रुळले. त्याचा पहिला अर्धा भाग मोजमाप आहे आणि दुसरा अनुमान. या दोहोंत किती अंतर असू शकते, हे मला रायगड जिल्ह्यात तळा येथे आमच्या काकूच्या अंगणात कळले. मापनयंत्रांशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला ते इतक्या उशिरा कळावे, ही कबुली आधीच देऊन टाकतो.

काकू सत्तरीच्या पुढची. विडी-तंबाखूला तिने कधी हात लावला नाही. पण चाळीसएक वर्षे तिचा स्वयंपाक चुलीवर झाला, तोही धूर बाहेर जायला धड वाट नसलेल्या खोलीत. शिवाय पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून राब भाजायचा, त्याचा धूर वेगळाच. २०२१ साली मीच तिला बोटाचे यंत्र, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, पाठवले. ती फोनवर आकडा सांगे: ९५, कधी ९६. साथ ओसरली तरी धाप लागण्याची तिची तक्रार राहिली. एका आरोग्य शिबिरात तिला खुर्चीत बसवून तपासले. आकडा ९५ आला आणि 'वयोमानानुसार' असे सांगून तिला घरी पाठवले. मीही फोनवर तेच म्हणालो होतो.

पुढे दिवाळीत गेलो तेव्हा पाण्याची कळशी घेऊन आलेली काकू ओटीच्या खांबाला धरून उभी होती. "अरे, बसलं की बरं असतं. उठून चाललं की छातीत भाता चालतो," ती म्हणाली. तिला बसवून आकडा पाहिला: ९५. मग यंत्र बोटातच ठेवून आम्ही अंगणात फेऱ्या मारू लागलो. तिसऱ्या मिनिटाला आकडा ८७ होता. लगेच बसवले, तेव्हा थोड्या वेळात तो ९४ वर आला. डॉक्टर जवळ नसताना मी असे करायला नको होते. कोणी त्याचे अनुकरण करू नये. पुढे स्पायरोमीटरची तपासणी झाली आणि निदान ठरले: सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे आणि वायुकोशांची मोडतोड होणे.

काकूसारखी माणसे थोडी नाहीत. भारतात १९९० साली या विकाराचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, तर २०१६ साली सुमारे ५ कोटी ५३ लाख, असा 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की धूम्रपान करणारे जगात सुमारे १०० कोटी, तर लाकूड-शेणीच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी आहेत. 'विडी ओढत नाही, म्हणजे हा आजार नसणार' हेही असेच एक घाईचे अनुमान आहे.

आकडा का फसवतो?

ऑक्सिमीटर बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवतो आणि रक्तातले किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले आहे हे सांगतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांची १९७४ सालची ही कल्पना. यंत्र चांगलेच आहे. अडचण हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे.

रक्तातील ऑक्सिजनचा दाब आणि हिमोग्लोबिनची टक्केवारी यांचा आलेख काढला, तर तो आपल्या डोंगरी किल्ल्यासारखा दिसतो: वर सपाट माथा, पुढे उतरता कडा. दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरवर असताना टक्केवारी ९७-९८ असते. दाब ६० पर्यंत घसरला तरी टक्केवारी साधारण ९० असते. दाब चाळीस टक्क्यांनी कमी झाला, पण यंत्रावर सात-आठच आकडे उतरले! त्याखाली मात्र कडा सुरू होतो. माथ्याच्या मधोमध उभा असलेला माणूस आणि कड्याच्या टोकाशी उभा असलेला माणूस, दोघेही एकाच उंचीवर असतात. फरक कळतो तो दोन पावले टाकल्यावर.

ती दोन पावले म्हणजे श्रम. स्वस्थ बसलेले असताना तांबडी पेशी फुफ्फुसाच्या केशवाहिनीतून जायला सुमारे पाऊण सेकंद घेते आणि निरोगी फुफ्फुसात ती पाव सेकंदात भरून निघते. एस. टी. स्टँडवर तीन मिनिटे थांबते आणि उतारू एका मिनिटात चढून होतात, तसे हे आहे. जोराच्या श्रमात रक्त वेगाने वाहते आणि थांबा एका मिनिटाचा होतो. दार नीट असेल तर तरीही सगळे चढतात. दार अर्धे अडकलेले असेल, तर तीन मिनिटांच्या थांब्यात ते लक्षात येत नाही. एका मिनिटाच्या थांब्यात उतारू मागे राहतात.

सीओपीडीत याहून मोठे कारण म्हणजे हवा आणि रक्त यांची जोडी विस्कटलेली असते. काही वायुकोशांत हवा पोचते पण भोवतालच्या केशवाहिन्या नष्ट झालेल्या असतात; काहींत रक्त भरपूर पण हवा अपुरी. चालताना स्नायू रक्तातला अधिक ऑक्सिजन काढून घेतात आणि फुफ्फुसाकडे परतणारे रक्त नेहमीपेक्षा रिते असते. त्यात अरुंद नळ्यांतून आधीचा श्वास पुरता बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा घ्यावा लागतो. बसलेले असताना यातले बरेच झाकलेले राहते.

सहा मिनिटांची चाल

म्हणून डॉक्टर रुग्णाला चालायला लावतात. या चाचणीचा इतिहास गमतीचा आहे. १९६८ साली केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातल्या धडधाकट जवानांसाठी बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी मांडली. १९७६ साली ब्रिटनमधील मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी धावण्याऐवजी चालणे घेतले. बारा मिनिटेही आजारी माणसाला जड जातात, म्हणून १९८२ साली बटलंड यांच्या गटाने दोन, सहा आणि बारा मिनिटांची तुलना केली. त्यांतून सहा मिनिटे रूढ झाली. सरळ मार्गावर रुग्णाने स्वतःच्या गतीने चालायचे, लागेल तिथे थांबायचे. अंतर, धाप आणि ऑक्सिजन यांची नोंद घ्यायची.

चाचणी साधी आहे, पण तिच्यातही खोटी आहेत. पहिली, जागा. २०१४ सालच्या युरोपीय-अमेरिकी मानकाप्रमाणे ३० मीटर किंवा त्याहून लांब सपाट मार्ग हवा. अंगण किंवा दवाखान्याचा व्हरांडा आखूड असतो. वळणे वाढतात आणि अंतर घटते. दुसरी, तुलना. 'इतके अंतर अपेक्षित' हे सांगणारे एक बहुचर्चित सूत्र १९९८ साली अमेरिकेतल्या टुसॉन शहरातील २९० निरोगी प्रौढांवरून बांधलेले आहे. ते तळ्याच्या काकूंना जसेच्या तसे कसे लावावे? तिसरी, वेळ. साथीच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी ही चाचणी करण्याचा सल्ला दिला गेला आणि अनेकांनी आकडा फक्त सुरुवातीला आणि शेवटी पाहिला. सर्वांत खालचा आकडा शेवटीच येतो असे नाही. २०१४ चे मानक सतत नोंद ठेवायला सांगते ते यासाठीच.

चौथी खोट खुद्द यंत्राची. हालचाल, थंड बोटे आणि नखांचा रंग यांनी आकडा चुकतो. शिवाय त्वचेचा वर्ण! २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ दाखवले असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी निघण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. भारतीय त्वचेच्या अनेक छटांना हे आकडे तसेच लागू होतील असे नाही, पण सावध राहायला एवढे पुरे.

आणि चालूनही आकडा घसरला नाही तर? तरी आजार नाही असे ठरत नाही. धाप आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीओपीडीच्या पुष्कळ रुग्णांना ऑक्सिजन न घसरताही धाप लागते. निदान करायचे ते स्पायरोमीटरने: औषध देऊन नळ्या सैल केल्यावरही, जोराने फुंकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर पडली, तर मार्गात अडथळा आहे.

घसरला म्हणजे ऑक्सिजन द्यायचा?

८७ चा आकडा ऐकताच माझा चुलतभाऊ घरी ऑक्सिजनचे यंत्र आणायला निघाला. त्याचे तर्कशास्त्र सरळ होते: जे कमी आहे ते द्यावे. १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांनी दाखवले होते की दिवसाचे १५ तास किंवा त्याहून अधिक ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढते. मात्र ते रुग्ण बसल्या जागीच फार खालावलेले होते. ज्यांचा आकडा बसून मध्यम कमी असतो किंवा फक्त चालताना घसरतो, त्यांच्यावर अमेरिकेत ४२ केंद्रांत ७३८ रुग्णांची चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ साली आले. घरी ऑक्सिजन घेणारे आणि न घेणारे यांच्यात मृत्यू किंवा पहिल्यांदा रुग्णालयात दाखल होणे या बाबतीत फरक आढळला नाही. चालण्याच्या अंतरातही नाही.

म्हणजे आपण एकाच चुकीच्या दोन बाजू पाहिल्या. शिबिरात बसल्या आकड्याला चालण्याविषयीचा प्रश्न विचारला गेला. घरी चालण्याच्या आकड्याला उपचाराचा प्रश्न विचारला गेला. मोजमाप ज्या प्रश्नासाठी घेतले, त्याच प्रश्नाचे उत्तर देते. काकूच्या ८७ ने एवढेच सांगितले की आत काहीतरी लपले आहे, ते शोधा. आज ती फवाऱ्याचे औषध घेते, स्वयंपाक गॅसवर करते आणि डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे रोज थोडे-थोडे चालते. अशा व्यायामाने सहा मिनिटांच्या अंतरात साधारण ३० मीटरची भर पडली, तर रुग्णाला फरक जाणवतो. घरी ऑक्सिजन आलेला नाही. तळगड तिला चढायचा नाहीच. कळशी ओटीपर्यंत आली की पुष्कळ झाले.

वर्गासाठी

आपण श्वसन शिकवतो ते काचेची हंडी आणि दोन फुगे घेऊन. त्यात हवा आत-बाहेर होताना दिसते. रक्त दिसत नाही, वेळ दिसत नाही, श्रम तर नाहीतच. या प्रतिकृतीला जोड म्हणून एक तास मैदानात घ्यावा. निरोगी मुलांनी बसून आपली नाडी आणि मिनिटाचे श्वास मोजावेत. मग तीन मिनिटे झपाझप चालून पुन्हा मोजावेत, आणि दर मिनिटाला मोजत पूर्ववत व्हायला किती वेळ लागला याचा आलेख काढावा. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलांना नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. आजी-आजोबांवर हा प्रयोग घरी करायचा नाही, हे बजावून सांगावे.

शेवटी मुलांना एकच विचारावे: बसून घेतलेल्या आकड्यावरून चालल्यानंतरचा आकडा कोणाला आधी सांगता आला असता का? आणि गृहपाठ म्हणून, घरातले कोण बसले की बरे असते आणि उठले की दमते, एवढे पाहून यायला सांगावे. तशी व्यक्ती सापडली, तर तिला डॉक्टरांकडे नेऊन 'बसून नव्हे, चालल्यावर धाप लागते' हे आवर्जून सांगावे.