कडूची पारख

आमच्या घरची दिवाळी गोडाने सुरू होत नसे, कडूने होत असे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीपाशी जायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि त्याच्या रसाचा एक थेंब जिभेला लावायचा, हा कोकणातल्या पुष्कळ घरांचा जुना परिपाठ. तो थेंब असा काही कडू असे की आम्हा पोरांची तोंडे पार वाकडी होत. पण त्यानंतर पानात पडणारे गोडाचे पोहे जितके गोड लागत, तितके वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवशी लागत नसत. आजीला याचे कारण विचारले तर ती एवढेच म्हणे, "जिभेला आधी जागी करावी लागते रे!"

या जागी करण्याची आठवण मला गेल्या वर्षी इंग्लंडात झाली, आणि तीही बिअरच्या पेल्यासमोर. वाचक दचकतील. दिवाळी अंक घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हातांतून फिरतो, हे मी जाणून आहे. ज्या घरात ही वस्तू चालत नाही, त्याने ती चालवून घ्यावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. मी स्वतः अर्ध्या पेल्याचा माणूस आहे. पण आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, नाटकाचे करतो, गवयाच्या बैठकीचे करतो. मग जिभेवरच्या वस्तूचे परीक्षण होऊ शकते की नाही, की तेथे 'ज्याची त्याची आवड' म्हणून विषय संपतो, या प्रश्नाने मला छळले. त्याचे उत्तर शोधताना मी एक चूक केली. तिची कबुली देण्यासाठी हा लेख आहे.

त्या बिअरचे नाव 'जयपूर'. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात बेकवेल नावाचे टुमदार गाव आहे, तेथली थॉर्नब्रिज ही ब्रूअरी २००५ सालापासून ती बनवते. जात 'इंडिया पेल एल', मद्यार्क ५.९ टक्के. लंडनमधल्या एका दुकानाच्या काचेमागे तिच्या बाटल्या दिसल्या आणि नाव वाचून मी हरखून गेलो. दोन घेतल्या. एक त्याच संध्याकाळी उघडली. वास कोंदट, चव बोथट, आणि शेवटी पुठ्ठा भिजल्यासारखे काहीतरी. माझा भाचा शेफील्डला नोकरीनिमित्त राहतो, त्याला मी लगेच कळवले, "तुमच्या इंग्रजांनी जयपूरचे नाव उगाच वापरले आहे. ही बिअर मेलेली आहे." त्याचे उत्तर दोन ओळींचे आले : "मामा, तुम्ही बिअरची चव घेतलीच नाही, दुकानाची घेतलीत. दुसरी बाटली फोडू नका, घेऊन या."

भाचा मामाला असे बोलू लागला की मामाने जुन्या पोथ्या चाळाव्यात. मीही चाळल्या.

'इंडिया पेल एल'ची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती अशी : हिंदुस्थानातल्या गोऱ्यांना बिअर हवी असे, पण लांबच्या प्रवासात ती नासे, म्हणून लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसन या गृहस्थाने हॉपची फुले भरपूर घालून, तेज वाढवून एक नवीच बिअर शोधून काढली. कथा छान आहे, पण तिच्यातले शोधाचे कलम टिकत नाही. हॉजसनची ब्रूअरी १७५२ सालची. उष्ण मुलखात जाणाऱ्या बिअरला हॉप जास्त घालावा, हे ब्रूअर लोकांना ठाऊकच होते. शिवाय काळी 'पोर्टर' बिअरही त्याच जहाजांतून धडधाकट येत होती, आणि साधा शिपाई बहुतेक तीच पीत होता. फिकी, महाग 'पेल एल' ही साहेबांची. हॉजसनचे खरे चातुर्य वेगळेच होते. त्याची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होती, आणि त्या जहाजांच्या कप्तानांना तो लांब मुदतीच्या उधारीवर माल देई. कीर्ती पुष्कळदा अशीच धक्क्याजवळ राहणाऱ्याला मिळते.

पुढे १८२० नंतर हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून सारा व्यापार स्वतःच गिळायचे ठरवले. तेव्हा कंपनीच्या एका डायरेक्टराने बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉप यांना तशी बिअर करायला सुचवले. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. आपल्याकडे जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून गृहिणी त्रासतात. पण याच पाण्याने हॉपचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार होतो. बर्टनची बिअर हॉजसनपेक्षा सरस ठरली. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नावही १८३० च्या आगेमागेच जाहिरातींतून दिसू लागले. म्हणजे या नावातला 'इंडिया' हा गिऱ्हाइकाचा पत्ता आहे, जन्मस्थान नव्हे. आपल्या पूर्वजांनी फार तर तिची पिंपे मुंबईच्या धक्क्यावर उतरवली असतील.

पण एक गोष्ट खरी, आणि माझ्या चुकीचे मूळ तिच्यात आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून ती पिंपे चार ते सहा महिन्यांनी येथे पोहोचत. त्या हेलकाव्यांत आणि उकाड्यात बिअर बिघडण्याऐवजी मुरत असे. लोणच्यासारखी तिची गत. ही माहिती डोक्यात ठेवून मी समजलो की इंडिया पेल एल म्हणजे टिकाऊ माल. दुकानाच्या उन्हात चार महिने राहिली म्हणून काय बिघडले?

येथे हॉपविषयी थोडे सांगणे भाग आहे. हॉप ही वेल. तिच्या मादी वेलीला लागणारे हिरवे, खवल्यांचे बोंड बिअरमध्ये घालतात. मोड आणून भाजलेल्या सातूच्या गोड काढ्यात ते उकळले की त्यातली आम्ले बदलून कडूपणा उतरतो, आणि हाच कडूपणा बिअर नासवणाऱ्या जंतूंना आळा घालतो. त्या बोंडात सुगंधी तेलेही असतात, पण ती उकळीबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप आरंभी घालायचा आणि सुगंधासाठी अगदी शेवटी, किंवा बिअर थंड झाल्यावर. आमटीला कोथिंबीर गॅस बंद केल्यावर घालतात, तोच न्याय. जुन्या बिअरची मदार मुख्यतः कडूपणावर होती, आणि कडूपणा दीर्घायुषी असतो. आजच्या बिअरची मदार सुगंधावर आहे. १९७२ साली अमेरिकेत 'कॅस्केड' नावाचा हॉप लागवडीस आला, त्याला लिंबूवर्गीय फळांचा वास. तेथल्या लहान ब्रूअऱ्यांनी त्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या जोरावर ही मेल्यात जमा झालेली जात पुन्हा उभी केली. 'जयपूर'मध्येही चिनूक, सेंटेनियल असे अमेरिकन हॉपच आहेत. सुगंध मात्र अल्पायुषी. ऊन, उष्णता आणि हवा लागली की तो जातो आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव उरते. जिचे नाव प्रवासावरून पडले, तिला आज प्रवास सोसत नाही! मी इतिहास वाचून चव घेतली होती. जिभेला विचारलेच नव्हते.

शेफील्डला पोहोचलो. भाच्याने परीक्षेची तयारीच ठेवली होती. अमेरिकेत १९८५ सालापासून बिअरच्या परीक्षकांची एक संस्था आहे. तिचा गुणांचा तक्ता त्याने टेबलावर मांडला. एकूण गुण पन्नास : वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच आणि समग्र परिणामाला दहा. रूपाला तीनच गुण पाहून मी खूष झालो. आमच्या साहित्याच्या परीक्षकांनी मुखपृष्ठाबाबत हे प्रमाण पाळावे. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि तबकातून तीन लहान पेले घेऊन आला. चिठ्ठ्या फक्त एक, दोन, तीन अशा. "आता बोला," तो म्हणाला, "नाव नाही, गाव नाही."

पहिला पेला. रंग फिका सोनेरी, फेस पांढरा. वास दबलेला. चवीत शिळ्या मधासारखा गोडवा, आणि कडूपणा नुसता एकटा उभा, जसा लग्नघरी पाहुणे निघून गेल्यावर मांडव उभा असतो. मी पन्नासांपैकी चोवीस दिले.

दुसरा पेला. रंग तोच. पण नाकाशी नेताच पपनस सोलताना बोटांना जो वास लागतो, तो आला. सालीचाही आणि गराचाही. पहिल्या घोटात सातूचा हलका गोडवा, ताज्या मधासारखा. तो जिभेवर पसरतो न पसरतो तोच दोन्ही बाजूंनी कडूपणा वर येतो आणि त्या गोडव्याला आपल्या हाताखाली घेतो. घोट गिळल्यावर तो कडूपणा रेंगाळतो, पण खरखरत नाही. तोंड स्वच्छ होते आणि हात आपोआप पेल्याकडे जातो. वासाला दहा, रूपाला तीन, चवीला सतरा, स्पर्शाला चार, समग्र परिणामाला आठ, बेचाळीस. उरलेले आठ का कापले? मधल्या घोटात गोडवा किंचित अधिक रेंगाळतो, आणि पेला संपत आला की सुगंध विरून कडूपणाच तेवढा हाती राहतो, म्हणून.

तिसरा पेला गढूळ, आंब्याच्या पन्ह्यासारखा. वास आंबा-अननसाचा, स्पर्श मऊ, कडूपणा जवळजवळ नाही. पहिला घोट मोहक, तिसऱ्याला कंटाळा. छत्तीस.

भाचा हसू लागला. "मामा, एक आणि दोन एकच आहेत. दोन्ही जयपूर. पहिली तुमची लंडनची बाटली, दुसरी मी परवा आणलेली ताजी."

मी गप्प झालो. ज्या बिअरला मी 'मेलेली' म्हटले होते, तिलाच आता बेचाळीस गुण दिले होते. झिजलेली तबकडी ऐकून गवयाला बेसूर ठरवावे, फाटकी, पाने गळालेली प्रत वाचून कादंबरी विस्कळीत आहे म्हणावे, तसा हा प्रकार. कलाकृती आणि आपल्या हाती आलेली तिची प्रत यांत फरक करणे हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य, आणि मी नेमका तेथेच घसरलो होतो. आजवर किती नाटके मी कुठल्यातरी दौऱ्यावरच्या थकलेल्या प्रयोगावरून निकालात काढली असतील, या विचाराने मला अस्वस्थ केले.

"पण मला तिसरीच सर्वांत आवडते," भाचा म्हणाला. "मग तुमच्या छत्तीसला काय अर्थ? आवडलं की झालं!"

"तुझी आवड तुझी, तिच्यावर माझा हक्क नाही," मी म्हटले. "पण मला सांग, पहिल्या पेल्यात तुला काय लागलं?"

"ओला पुठ्ठा."

"मलाही तेच. तू न सांगता मला लागलं, मी न सांगता तुला. म्हणजे दोन जिभांना एकच दोष सापडू शकतो. तिसरीबद्दल मी कडूपणा नाही म्हणतो, तूही नाहीच म्हणतोस. फरक एवढाच की तुला तो नको आहे आणि मला हवा आहे. म्हणजे आपलं भांडण वस्तूबद्दल नाही, अपेक्षेबद्दल आहे."

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. परीक्षण म्हणजे आवडीचा जाहीरनामा नव्हे. वस्तूत काय आहे, ते कशामुळे आहे, आणि ती जे होऊ पाहते ते झाली आहे काय, हे दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशा शब्दांत सांगणे म्हणजे परीक्षण. त्यापुढे आवड सुरू होते आणि परीक्षकाने तेथे नम्रपणे थांबावे. तिसरा पेला वाईट नव्हता. तो जिभेला लाडावणारा होता. मध्यंतरी काही ब्रूअऱ्यांनी उलट टोक गाठले होते; कडूपणाचे आकडे वाढवण्याची जणू शर्यतच लागली होती. दोन्हींत एकच उणीव आहे : कडू आणि गोड यांचे एकमेकांशी बोलणे तुटते. 'जयपूर'चा मोठेपणा असा की तिच्यात ते बोलणे चालू आहे.

दुसऱ्या दिवशी तीच बिअर एका पबमध्ये पिंपातून, हाताच्या पंपाने उपसलेली घेतली. तळघराइतकीच थंड, बारा अंशांच्या आसपास. आपल्याला ती कोमट वाटेल. पण बर्फासारख्या थंडीत झोपलेले सगळे वास येथे उठून बसले होते. थॉर्नब्रिजने २०२४ साली बर्टनहून जुन्या पद्धतीच्या ओक पिंपांचा एक संचही आणला आहे. बिअर आंबताना वर उसळते आणि हंसाच्या मानेसारख्या नळीतून वरच्या पन्हाळीत पडते, अशी ती १९ व्या शतकातली रचना. बर्टनमध्ये ती मोडीत निघत होती. दिवाणखान्यात ठेवण्याच्या वस्तूला कुणी कामाला लावावे, हे मला आवडले. परंपरा राखण्याची ही रीत पुतळ्यापेक्षा बरी.

नावाविषयीची माझी तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही. 'जयपूर'मध्ये जयपूरचे काही नाही. पण तक्त्यात नावाला गुणच नाहीत, तेव्हा मीही कापले नाहीत. आपल्याकडे पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या एका ब्रूअरीचे नाव 'डूलाली' आहे. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथल्या छावणीत पडून राहिलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत वेड लागण्यालाच देवळालीचे नाव पडले. त्यांनी आपले गाव नेऊन शब्द केला, आपण तो शब्द परत आणून पाटी केली. हिशेब फिटला म्हणायचा.

परत आलो तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. चतुर्दशीच्या पहाटे बऱ्याच वर्षांनी मी कारीट मागवले. नातवाने थेंब जिभेला लावला, तोंड वाकडे केले आणि विचारले, "आजोबा, हे चांगलं आहे की वाईट?"

मी म्हटले, "आधी पोहे खा. मग दोघं मिळून ठरवू."